आईने सांगत राहावं म्हणून

वजनाचा दिवस. एकेक मूल काट्यावर येतंय, सेविकाताई आकडा मोठ्याने सांगतात आणि मदतनीसताई लिहून घेतात. "साडेआठ. गेल्या महिन्यापेक्षा कमी भरलं हो." बाहेर ओट्यावर दोन-तीन आया आणि एक आजी बसलेल्या. आजीच्या तोंडून लगेच निघतं, "तरी मी सांगी होतंय, तेच्या आवशीक दूधच नाय." संध्याकाळी रापणीवरचे लोक घरी परततात, तोवर हे वाक्य अख्ख्या वाडीत फिरलेलं असतं. पुढच्या महिन्यात ते मूल वजनाला येत नाही. विचारलं तर उत्तर मिळतं, मामाकडे गेलाय, सर्दी झालीय, पाऊस होता. ज्याचं वजन सगळ्यांत आधी घ्यायला हवं, तेच मूल काट्यापासून दूर गेलं.

कोणी मुद्दाम काही केलेलं नाही. आकडा मोठ्याने सांगायची सवय आहे आणि ओटा जवळ आहे, एवढंच. अंगणवाडी आणि बालवाडीतल्या माहितीच्या गोपनीयतेबद्दल बोलताना मला कायद्याच्या आधी हीच गोष्ट सांगावीशी वाटते. आई आपल्याला सांगते म्हणून आपलं काम चालतं. दूध येत नाही, नवरा पितो, पोराला झटके येतात, पाळी चुकली आहे, पण घरी अजून सांगितलेलं नाही. यातलं काहीही तपासणीत दिसत नाही, ते तिने सांगावं लागतं. एकदा बाहेर गेलं की ती दुसऱ्यांदा सांगत नाही, आणि तिची गत पाहून शेजारचीही सांगेनाशी होते.

मालवण किनाऱ्यावर हे जपणं शहरापेक्षा कठीण आहे. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग हा राज्यातला सर्वांत कमी लोकसंख्येचा जिल्हा होता, जेमतेम साडेआठ लाखांचा. त्यातही देवबाग, तळाशील, आचरा अशा ठिकाणी एकेका वाडीत एकाच आडनावाची घरं. सेविका त्याच गावची सून किंवा लेक. ज्या घरी गृहभेटीला जायचं, तिथे कोणी चुलत सासू, कोणी वयनी. अशा ठिकाणी नुसतं नाव गाळून भागत नाही. "आमच्याकडे एक मूल तीव्र कुपोषित आहे" असं ग्रामसभेत म्हटलं आणि वाडीत पंधरा-वीस मुलं असली, तर नाव न घेताही सगळ्यांच्या माना एकाच घराकडे वळतात. इथे आकडा म्हणजेच नाव. म्हणून सभेत, फलकावर किंवा समितीपुढे वाडीनिहाय आकडा देऊ नका. गावाचा एकत्रित आकडा द्या, आणि तोही एक-दोनवर येत असेल तर "काही मुलांकडे जास्त लक्ष देतोय" एवढंच म्हणा. नेमका आकडा पर्यवेक्षिका आणि प्रकल्प कार्यालयाला जातोच. गावाला तो ऐकायची गरज नसते.

हा उघडेपणा अंगणवाडीच्या जन्मापासूनचा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिनेही वस्तीतली जागा आणि वस्तीतलीच बाई हेच धोरण ठेवलं. ते योग्यच होतं. आपली बाई असते म्हणूनच आई मोकळी होते. पण त्या अंगणाला दार नाही. दवाखान्यात पडदा असतो, कचेरीत टेबलापलीकडे रांग असते. इथे आडोसा आपल्यालाच तयार करावा लागतो.

आधी वजनाच्या दिवसाचंच पाहू. काटा दारापासून लांब, आतल्या भिंतीशी ठेवा. एका वेळी एकच आई आत, बाकीच्या ओट्यावर. आकडा बोलू नका, लिहा, आणि माता-बाल संरक्षण कार्डावर बोट ठेवून आईला दाखवा. दंडघेराच्या पट्टीला जास्त जपावं लागतं, कारण ती न बोलता बोलते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, त्यापुढे साडेबारापर्यंत पिवळा, त्यावर हिरवा, हे आता गावातल्या बायकांनाही कळतं. लाल पट्टी दारातून दिसली की पुरे. म्हणून पट्टी लावताना मुलाचा तो हात भिंतीकडे करा आणि मापून झालं की पट्टी लगेच गुंडाळा. भिंतीवरच्या तक्त्यावर मुलांची नावं नकोत. ग्राम बाल विकास केंद्रात मुलाला दाखल करायचं असेल, तर ते आईला एकटीला बाजूला घेऊन सांगा, बाकीच्या आया घरी गेल्यावर. मुलाला वेगळा आहार द्यायचा असतो, त्यामुळे चार दिवसांनी लोकांना कळेलच, हे खरं आहे. पण आईला ते आपल्याकडून आधी कळलं, चारचौघांत नाही, हा फरक ती विसरत नाही.

आता विचारणाऱ्यांचं. "गो बाय, त्या अमक्याच्या नातवाक ओरोसच्या हॉस्पिटलात कित्याक धाडलंस?" हा प्रश्न पाणंदीत येतो, एसटीत येतो, जत्रेतही येतो, आणि विचारणारी बहुतेक वेळा खरोखरच काळजीने विचारते. तिला तोडून टाकायचं नाही. "काकी, ता तेंच्याच घराक इचारा" एवढं हसून म्हणावं आणि विषय बदलावा. मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळा. हे उत्तर प्रत्येक वेळी, प्रत्येक मुलाबद्दल एकच असलं पाहिजे. नऊ मुलांबद्दल "काय नाय, बरो आसा" म्हणालात आणि दहाव्याबद्दल "मी सांगूचंय नाय" म्हणालात, तर त्या न सांगण्यातूनच सगळं सांगून झालं. निरोगी मुलाबद्दलही उत्तर न द्यायची सवय लावून घेतली, तरच आजारी मुलाबद्दलची शांतता कोणाच्या लक्षात येत नाही. सुरुवातीला लोक नाराज होतील. वर्षभरात गावाला कळतं की ही कोणाचंच सांगत नाही, आणि मग लोक आपलंही येऊन सांगू लागतात.

गोपनीय म्हणजे काय काय? वजन-उंची, आजार, अपंगत्वाची शंका, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने तपासणीत नोंदवलेलं काहीही, गरोदरपण, गर्भपात, आईचा मानसिक आजार, घरातली मारहाण, नवरा-बायकोचं वेगळं राहणं, उत्पन्न, जात, आधार क्रमांक, बँक खातं, फोन नंबर. मूल दत्तक असेल तर तेही. घरात कोणाला एचआयव्हीची लागण असेल तर त्याला २०१७ च्या कायद्याचं वेगळं संरक्षण आहे. ती माहिती संमतीशिवाय दुसऱ्याला सांगणं हा त्या कायद्याचा भंग आहे. अंगणवाडीच्या रोजच्या कामाला ती माहिती लागतही नाही. कानावर आली तरी रजिस्टरात लिहू नका, आणि त्या मुलाचं ताट किंवा पेला वेगळा ठेवू नका. वेगळं ताट म्हणजे भिंतीवर लावलेला फलकच.

आणि मुलं स्वतः बोलतात त्याचं काय? सकाळी गोल करून बसलं की चार वर्षांचं पोर सहज सांगून टाकतं, "काल बाबान आयेक मारल्यान." बाकीची मुलं ऐकतात, मदतनीस ऐकते, एखादी आई अजून दारातच असते. अशा वेळी दचकू नका आणि पुढे खोदून विचारू नका. "बरं झालं सांगितलंस, आपण नंतर बोलू" म्हणा आणि गाणं सुरू करा. मग त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आईला काही कामाच्या निमित्ताने थांबवून घ्या. तिच्या घरी जाऊन विचारू नका, कारण तिथे पडवीत सासू बसलेली असते. पोराने सांगितलं असंही म्हणू नका, त्याचे परिणाम पोरालाच भोगावे लागतील. "तू बरी आहेस ना? काही मदत लागली तर १८१ वर फोन करता येतो, तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात" एवढं तिच्या कानावर घाला. पुढचा निर्णय तिचा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातली वाट तिला माहीत व्हावी, एवढं आपलं काम.

गोपनीयतेला एक अपवाद आहे आणि त्यात मागेपुढे पाहायचं नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर गप्प बसणं हा गुन्हा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला ती जास्त आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या बालवर्गातल्या दोन चिमुकल्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, ते आठवा. संस्थेचं नाव खराब होईल, आधी आपण आतल्या आत चौकशी करू, सरपंचांना विचारू, असं म्हणत वेळ काढू नका. १०९८ किंवा ११२ ला फोन करा. मुलाने जे शब्द वापरले ते जसेच्या तसे लिहा, मालवणीत बोललं असेल तर मालवणीतच. तारीख आणि वेळ घाला, आपला अंदाज घालू नका. तो कागद पोलिसांशिवाय कोणाला दाखवू नका. कळवायचं ते पोलिसांना, गावाला नाही. मुलाची ओळख उघड होईल असं काहीही छापायला किंवा फिरवायला पॉक्सो आणि बाल न्याय अधिनियम २०१५ या दोन्हींत बंदी आहे. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. शाळा, वाडी, बापाचा धंदा, घरासमोरचा माड, यातलं काहीही आपल्याकडे पुरतं.

कागदापेक्षा आता फोनमधून जास्त गळतं. १ मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे ॲप आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यातल्या अनेक सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. फोन नीट चालत नव्हते आणि ॲप इंग्रजीत होतं, ही त्यांची तक्रार रास्त होती. पण त्या अडचणीतून एक सवय पडली, ती अजून पुरती गेलेली नाही. मुलगा किंवा भाची बसून माहिती भरून देते. घरातलं पोर भलं असतं, तरी शंभर घरांचे आधार क्रमांक आणि गरोदर बायकांची नावं त्याच्या डोळ्यांखालून जातात. त्याच्याकडून शिकून घ्या, पण बोट आपलंच चालवा. अडलं तर पर्यवेक्षिकेकडे किंवा बीटमधल्या दुसऱ्या सेविकेकडे जा. फोनला लॉक हवाच, आणि कामाचा फोन नातवंडांच्या हाती द्यायचा नाही. दुरुस्तीला द्यायची वेळ आली तर आधी प्रकल्प कार्यालयाला विचारा.

१ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा पडताळून पाहणं सक्तीचं झालं आहे. त्यासाठी आधी आधारशी जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो. आपल्याकडे हा नंबर बहुतेक वेळा चाकरमानी नवऱ्याचा. तो मुंबईत नाहीतर गोव्यात कामावर. मग फोन लावून "ओटीपी सांगा" म्हणावं लागतं. नेमकं हेच वाक्य फसवणारेही वापरतात. "अंगणवाडीतून बोलतोय, मातृवंदना योजनेचे पैसे आलेत, ओटीपी सांगा" अशा फोनच्या तक्रारी देशात ठिकठिकाणी झाल्या आहेत. आपण फोनवर ओटीपी मागायची सवय लावली, तर खरा फोन कुठला आणि खोटा कुठला हे घरच्यांनी ओळखायचं कसं? म्हणून पडताळणी आई समोर असतानाच करा आणि नवऱ्याला फोन तिनेच लावावा. एवढं एक वाक्य प्रत्येक माता बैठकीत सांगा: अंगणवाडीतून तुम्हाला ओटीपीसाठी कधीही फोन येणार नाही. आणि मग ते आपणही पाळा. जमेल तिथे आधारला आईचाच नंबर जोडायला सांगा.

फोटो हा मोठा विषय आहे. रोजच्या उपक्रमांचे, आहाराचे, सप्टेंबरातल्या पोषण माहाचे फोटो वरच्या ग्रुपवर टाकावेच लागतात. ते त्या ग्रुपपुरतेच राहू द्यात, स्वतःच्या स्टेटसला नकोत. उपक्रम दिसला म्हणजे झालं. शक्य असेल तिथे मुलांच्या पाठीमागून किंवा हातांचा, ताटाचा फोटो घ्या. वजन घेतानाचा, रडणारा किंवा कपडे नसलेला फोटो कधीच नको. पाठवताना खाली मुलांची नावं लिहू नका. दुसरा त्रास पर्यटकांचा. तारकर्ली-देवबागच्या रस्त्यालगतच्या अंगणवाडीत कोणीतरी बिस्किटांचे पुडे घेऊन येतो, मुलांना रांगेत बसवतो आणि कॅमेरा काढतो. भला माणूस असतो, पण त्या मुलांचे चेहरे पुढे कुठे जातील, ते त्यालाही माहीत नसतं. "खाऊ द्या, फोटो नको" हे दारावर लिहून लावा, म्हणजे दर वेळी वाईटपणा घ्यावा लागत नाही. रेनकोट किंवा दप्तरं वाटायला येणाऱ्या पुढाऱ्यांनाही तोच फलक दाखवा. त्यांच्यापुढे बोलणं सेविकेला जड जातं, हे मी जाणतो. म्हणूनच हा नियम पर्यवेक्षिकेच्या सहीने लागलेला बरा.

कागदांचं थोडक्यात. अंगणवाडी देवळाच्या खोलीत, शाळेच्या वर्गात किंवा भाड्याच्या जागेत असेल, तर रजिस्टरं पत्र्याच्या कुलूपबंद पेटीत ठेवा आणि किल्ली खुंटीला टांगू नका. आधारची झेरॉक्स लागतच असेल, तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार चालतं का ते विचारा. जास्तीची झेरॉक्स काढूच नका. किनाऱ्यावर वादळाची सूचना आली की रजिस्टरं हलवावी लागतात. मे २०२१ च्या तौक्तेसारखी वेळ पुन्हा येऊ शकते. तेव्हा शेजारच्या घरी उघड्या पिशवीतून देण्याऐवजी प्लॅस्टिकमध्ये बांधून, पेटीसकट न्या. जुनी रजिस्टरं रद्दीत घालू नका आणि मनाने जाळूही नका, ती सरकारी दप्तर आहेत. प्रकल्प कार्यालयाकडे जमा करून पोच घ्या.

माहिती कोणाला द्यायची, याला एकच कसोटी पुरते: ही माहिती मिळाली तर तो माणूस या मुलासाठी काय करणार आहे? आशाताई आणि एएनएम उपचार करणार आहेत, त्यांना आजाराबद्दल सगळं सांगा. मात्र नवरा पितो हे लसीसाठी कळायची गरज नाही. पहिलीच्या गुरुजींना मुलाला कमी ऐकू येतं हे सांगा, पण आईच्या संमतीने. मुंबई मंडळाच्या कोणा दात्याला गरीब मुलांची यादी हवी असेल, तर आकडा द्या, यादी देऊ नका. वह्या आपल्या हाताने, सगळ्यांना सारख्या वाटा. पत्रकार आले तर प्रकल्प अधिकाऱ्यांकडे पाठवा. माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन कोणी उभा राहिला तर घाबरून रजिस्टर समोर टाकू नका. त्या कायद्यातच वैयक्तिक माहितीचा अपवाद आहे, आणि उत्तर द्यायचं काम जन माहिती अधिकाऱ्याचं आहे, तुमचं नाही. "पोरगा आज इलो काय?" असा अनोळखी फोन आला तर हो किंवा नाही, दोन्ही सांगू नका. वेगळ्या झालेल्या नवरा-बायकोंच्या भांडणात मुलाला पळवून नेण्याची सुरुवात अशा फोनने होऊ शकते. मुलाला कोण नेणार, ते पालकाकडून लिहून घेतलेलं असू द्या.

मालवण, कुडाळ, कणकवलीतल्या खासगी बालवाड्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या. एक, प्रवेश अर्ज. पालकांचं उत्पन्न, जात, दोघांच्या आधारच्या झेरॉक्स हे सगळं "सगळे घेतात म्हणून" घेतलं जातं. जे लागत नाही ते मागूच नका. जे घेतलंच नाही, ते हरवतही नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागेल. शिक्षण आणि सुरक्षिततेच्या कामापुरती थोडी सवलत आहे, पण जाहिरातीच्या फलकावर मुलाचा फोटो लावणं हे शिक्षणाचं काम नाही. संमतीचा कागद वेगळा, साध्या मराठीत करा, आणि "नाही" म्हणणाऱ्या पालकाच्या मुलाला स्नेहसंमेलनातून बाजूला काढू नका. दुसरी गोष्ट सीसीटीव्ही. बदलापूरनंतर ते शाळांत सक्तीचे झाले. पण चित्रीकरण कोणाच्या मोबाइलवर दिसतं, हे किती पालकांना ठाऊक आहे? संचालकांच्या घरच्या टीव्हीवर मुलांचा वर्ग दिसू नये. फक्त दोघांनाच पाहता यावं, त्यांची नावं लिहून ठेवा, आणि ज्याने पाहिलं त्याने वहीत तारीख आणि कारण लिहावं.

एवढं करूनही काही बाहेर गेलंच, तर सगळ्यांत आधी त्या आईकडे जा, कोणी तिच्या कानावर घालायच्या आत. काय बाहेर गेलं, कुठे गेलं आणि आता आपण काय करतोय, ते सरळ सांगा. फोटो असेल तर ग्रुपमधून "सगळ्यांसाठी डिलीट" करा आणि ज्यांनी उतरवून घेतला असेल त्यांना फोन करून काढायला लावा. पर्यवेक्षिकेला त्याच दिवशी लेखी कळवा. आधार किंवा बँकेचा तपशील गेला असेल तर आईला बँकेत घेऊन जा. पैसे गेले असतील तर उशीर न करता १९३० ला फोन लावून द्या, कारण पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. आणि पुढच्या महिन्यात वजनाच्या आदल्या दिवशी त्या घरी स्वतः जा, निरोप धाडू नका. ती यायला तयार नसेल तर काटा तिच्या घरी न्या.